मदत हवी आहे: लगाई-खाई, सेशन, पार्ले यांचा हिशोब कसा असतो?

जालनेकर_वाचक: मंडळी, मॅच लागली की आमच्या गल्लीतली पोरं लगाई, खाई, सेशन असंच बोलायलेत. मला पैसे लावायचे नाहीत. पण त्यांना समजवायचं तर आधी हिशोब कळायला हवा. '८०-८२' म्हणजे काय? आणि घोड्यांची रेस चालते, क्रिकेट का नाही?

हिशोबी_लातूर: दादा, भाव नेहमी फेव्हरिट संघाचा (ज्याची जिंकायची शक्यता जास्त धरतात) बोलतात. ८०-८२ भावात १०० ची लगाई केली आणि फेव्हरिट जिंकला तर ८० नफा मिळतो, हरला तर १०० जातात. खाई उलटी: फेव्हरिट हरला तर १०० मिळतात, जिंकला तर ८२ जातात. आता एकाची लगाई आणि दुसऱ्याची खाई एकाच बुकीकडे आली असं धरा. फेव्हरिट जिंकला की तो ८२ घेतो, ८० देतो. हरला की एकाचे १०० दुसऱ्याला देतो. त्याच्या खिशातून काहीच जात नाही.

सेशनमध्ये ठराविक ओव्हरच्या धावांवर बोली असते. ६ ओव्हरला ४५-४६ असेल तर 'येस'वाल्याला ४६ किंवा जास्त धावा लागतात, 'नो'वाल्याला ४४ किंवा कमी. बरोबर ४५ झाल्या तर दोघंही हरतात! पोरांना हेच आधी दाखवा.

परभणी_गणित: ॲपवरचे भाव दशांशात असतात. १.९० म्हणजे १०० लावून जिंकल्यास मुद्दलासकट १९० परत. ओव्हर-अंडरला (एकूण गोल किंवा धावा ठरलेल्या आकड्याच्या वर की खाली) बहुधा दोन्ही बाजूंना जवळपास सारखा भाव असतो. १०० ला १.९० ने भागा: ५२.६३. म्हणजे नुसतं बरोबरीत राहायलाही १०० पैकी ५३ अंदाज बरोबर यावे लागतात. हँडिकॅप (संघाच्या गोलांतून ठरलेला आकडा वजा धरणं) −१.५ असेल तर फुटबॉलमध्ये किमान दोन गोलांनी जिंकावं लागतं.

सगळ्यात फसवा पार्ले. तीन अंदाज एकाच बेटमध्ये जोडले की १.९० × १.९० × १.९० = ६.८६. आकडा मोठा दिसतो, पण प्रत्येक अंदाज निम्म्या शक्यतेचा असेल तर खरा भाव ८ हवा. एकेका बेटमध्ये शंभरामागे ५ ची तूट, इथं १४ च्या वर. शिवाय एक अंदाज चुकला की सगळं गेलं.

हिशोबी_लातूर: कायद्याचं राहिलंच. आपल्याकडे १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे, त्यात परवान्याच्या घोडशर्यतींना सूट आहे, म्हणून महालक्ष्मी आणि पुण्याला रेसकोर्सवर बेट चालते. सर्वोच्च न्यायालयानेही १९९६ मध्ये घोडशर्यत हा कौशल्याचा खेळ मानला. क्रिकेटच्या सट्ट्याला तशी सूट नाही. पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांवर तर २०२५ च्या केंद्रीय कायद्यात बंदीच आहे.

जालनेकर_वाचक: लई उपकार झाले. एक पोरगा म्हणत होता, नुसतं बँक खातं वापरायला दिलं तरी पैसे मिळतात. त्यात काही धोका?

परभणी_गणित: मोठा धोका. पासबुक, एटीएम, सिम कुणालाच देऊ नका म्हणावं. त्या खात्यातून सट्ट्याचा किंवा फसवणुकीचा पैसा फिरला तर खातं गोठतं आणि चौकशी खातेदाराची होते. दिलं असेल तर आजच बँकेत लेखी कळवून व्यवहार थांबवा, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर सांगा. उधारीपायी कुणी खचला असेल तर टेलिमानस (मानसिक आरोग्याची हेल्पलाइन) १४४१६ आहे, मराठीत बोलतात.