मदत हवी आहे: आबा डोळ्यांच्या तपासणीला यायलाच तयार नाहीत

नमस्कार. वडिलांबद्दल विचारायचं आहे. आम्ही त्यांना आबा म्हणतो. वय 66, गाव राधानगरी तालुक्यात, शुगर 15 वर्षांपासून. गेल्या मे महिन्यात कोल्हापुरात एका दवाखान्यात डोळ्याचा मागचा पडदा (रेटिना) तपासला तर दोन्ही डोळ्यांत शुगरमुळे रक्त झिरपायला लागलेलं. उजव्या डोळ्याला लेसर झालं आणि तीन महिन्यांनी परत बोलावलं. आता वर्ष होत आलं.

ऑगस्टमध्ये रस्त्यावर पाणी होतं. डिसेंबरची तारीख ऊसतोडीत गेली. टोळी कधी फडात उतरेल याचा नेम नसतो आणि उतरली की मालक बांधावर लागतोच. मार्चमध्ये मी हट्टानं घेऊन आले. नऊला नंबर लावला, थेंब घातले, बाहुल्या मोठ्या झाल्या, आणि अडीच वाजता कळलं की डॉक्टर ऑपरेशनमध्ये अडकलेत, पुढच्या सोमवारी या. त्या दिवसापासून दवाखान्याचं नाव काढलं तरी उठून गोठ्यात जातात.

आधी मला हा नुसता हट्ट वाटायचा. पण हिशेब मांडला की त्यांचंही पटतं. थेंब घातल्यावर चार-पाच तास जवळचं धूसर दिसतं, उन्हात डोळे उघडवत नाहीत, गाडी चालवता येत नाही. म्हणजे सोबत माणूस हवाच. भाऊ शिरोली एमआयडीसीत आहे, त्याचा खाडा पडतो. आणि संध्याकाळच्या धारेला घरी पोचायलाच हवं, कारण "म्हस दुसऱ्याच्या हाताला पान्हा सोडत न्हाई."

खरी अडचण मात्र वेगळीच आहे असं मला वाटतं. शेजारच्या काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दुसऱ्या दिवशी पट्टी काढली आणि त्यांना भिंतीवरचं कॅलेंडर वाचता आलं. गावात डोळ्याचा इलाज म्हणजे हा. आबांच्या लेसरनं तसं काहीच झालं नाही. गेलेली नजर लेसरनं सहसा परत येत नाही, आहे ती टिकावी म्हणून ते करतात. हे त्यांना कुणी नीट बसवून सांगितलंच नाही, मीसुद्धा नाही. त्यामुळे त्यांच्या लेखी पैसे गेले, दिवस गेला आणि फरक शून्य. त्यात दुखत काही नाही. "मला दिसतंय की चांगलं," हे त्यांचं उत्तर.

पण परवा डेअरीवरून आले तेव्हा मी बघत होते. दुधाची पावती त्यांनी उजव्या डोळ्यासमोर धरली, मग हळूच डावीकडे सरकवली, मान तिरकी केली आणि शेवटी नातवाला म्हणाले, "फॅट किती लागलंय रं?" माझ्या पोटात गोळा आला.

मला हे विचारायचं आहे. कोल्हापुरात पडद्याच्या डॉक्टरांकडे ठरलेल्या वेळी आत घेतात असा दवाखाना कुठे आहे? सीपीआरमध्ये (कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात) पडद्याची तपासणी कोणत्या वारी असते? थेंब न घालता पडद्याचा फोटो काढणारा कॅमेरा असतो, तो भोगावती-राधानगरी भागात कुठे आहे का? आणि ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्यांनी कृपया सांगा, तुमच्याकडे शेवटी कशानं जमलं? भीती घालून बघितली, उपयोग झाला नाही, उलट गप्प झाले.

भर: सगळ्यांचे मनापासून आभार. फोटोत गडबड दिसली तर थेंब घालून तपासणी टळत नाही, आणि एकदा लेसर झालेल्या माणसानं फोटोवर थांबू नये, हे लिहिलंत ते बरं केलंत. दवाखान्यातून कुणीतरी थेट पेशंटलाच फोन करावा, ही सूचना करून बघितली. नव्या दवाखान्यातल्या सिस्टरना विनंती केली. त्यांनी काल संध्याकाळी आबांना स्वतः फोन केला, "आबा, बुधवारी पहिला नंबर तुमचा, बारापर्यंत सोडतो," असं सांगितलं. आबांनी फोन ठेवला आणि आईला विचारलं, "बुधवारी सकाळची एसटी किती वाजता हाय?"

सोबत मी जाणार आहे. डाव्या डोळ्याबद्दल डॉक्टरांना नेमकं काय विचारावं, हे कुणाला सुचत असेल तर मंगळवारपर्यंत लिहा.