एपी केमिस्ट्री सोपी झाली का?

एपी केमिस्ट्री म्हणजे अमेरिकेत हायस्कूलमध्येच घेता येणारा, कॉलेजच्या पातळीचा रसायनशास्त्राचा कोर्स; तो आणि त्याची परीक्षा कॉलेज बोर्ड ही संस्था ठरवते. 'क्वांटम नंबर (अणूतल्या इलेक्ट्रॉनची स्थिती सांगणारे आकडे) काढले, म्हणजे कोर्स सोपा केला' असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. कॉलेज बोर्डाने २०१३-१४ पासून कोर्स बदलला तेव्हा क्वांटम नंबर लिहून दाखवणं आणि द्रावणाचा उत्कलनबिंदू किती वाढेल यासारखी गणितं गेली, हे खरं. पण त्यांच्या जागी फोटोइलेक्ट्रॉन स्पेक्ट्रम आला, म्हणजे अणूतले इलेक्ट्रॉन बाहेर काढायला किती ऊर्जा लागते ते दाखवणारा आलेख! आलेखातल्या शिखरांच्या उंचीवरून कुठल्या उपकवचात किती इलेक्ट्रॉन आहेत ते ओळखायचं, आणि पुढच्या मूलद्रव्यात तेच शिखर जास्त ऊर्जेकडे का सरकतं हे केंद्रकाच्या प्रभाराने समजावून सांगायचं. यात पाठांतर कामाला येत नाही. मला तर हा बदल फार मोलाचा वाटतो, कारण अणूची रचना पुराव्यावरून शिकायला मिळते.

परीक्षेतले बहुपर्यायी प्रश्न ७५ वरून ६० झाले, पर्याय पाचाऐवजी चार. लेखी प्रश्न मात्र सात, आणि त्यांना निम्मे गुण. आपल्या घरांतली मुलं आकडेमोडीत सहसा मागे पडत नाहीत. गुण जातात ते 'का' लिहिताना. 'अष्टक (बाहेरच्या कवचातले आठ इलेक्ट्रॉन) पूर्ण होतं म्हणून' एवढ्यावर गुण मिळत नाहीत, केंद्रक आणि इलेक्ट्रॉन यांच्यातल्या आकर्षणबलाचं कारण द्यावं लागतं. कॉलेज बोर्डाच्या साइटवर जुने लेखी प्रश्न गुणदानासकट आहेत, ते मुलांकडून लिहून घ्या. २०२३ पासून बहुपर्यायी भागातही कॅल्क्युलेटर चालतो, त्यामुळे त्याआधीच्या सूचना वाचू नका.