आपापल्या खेळावर सगळ्यात जास्त दरारा कुणाचा? माझं उत्तर: करेलिन

येळ्ळूरकर
हा विषय निघाला की कुणीतरी ब्रॅडमनची ९९.९४ ची सरासरी पुढं करतो आणि वाद तिथंच मिटला असं धरलं जातं. मला ते मान्य नाही. फलंदाज शून्यावर गेला तरी दुसरे दहा जण असतात. कुस्तीत पाठीमागं कोण नसतं.

माझा एक नंबर रशियाचा अलेक्झांडर करेलिन. ग्रीको-रोमन, १३० किलो. १९८८, १९९२, १९९६ अशी ओळीनं तीन ऑलिंपिक सुवर्णं, नऊ जागतिक विजेतेपदं, आणि २००० च्या सिडनीपर्यंत १३ वर्षं आंतरराष्ट्रीय मॅटवर हार नाही. पण आकडे राहू देत, डाव बघा. ग्रीको-रोमनमध्ये कमरेखाली धरता येत नाही, म्हणजे पट नाही की टांग नाही. जड गटातला मल्ल खाली गेला की पालथा पडून मॅटला चिकटतो. सव्वाशे किलोचा गडी असा पसरला तर त्याला हलवणार कोण? करेलिन वरून त्याच्या कमरेला उलटी मिठी घालायचा, अख्खा गडी जमिनीपासून सोडवून छातीपर्यंत घ्यायचा आणि मागं कमान टाकून फेकायचा. हा डाव हलक्या वजनातल्या पोरांचा, त्या वजनात कुणी धजत नव्हतं. फेकून घेण्यापेक्षा पाठ टेकलेली बरी, असं ठरवून चितपट झालेले मल्ल आहेत. समोरचा कुस्ती सुरू व्हायच्या आधीच हरलेला असतो, यालाच मी दरारा म्हणतो.

टिळकवाडीकर
येळ्ळूरकर, करेलिन थोर, वाद नाही. पण दरारा मोजायचा तर एक नंबर आणि दोन नंबर यांच्यातलं अंतर बघायला नको का? ब्रॅडमनच्या ५२ कसोटींत ६९९६ धावा. कारकीर्द संपवलेल्या मोठ्या फलंदाजांत त्याच्यानंतर ग्रॅमी पोलॉक, हेडली, सटक्लिफ, सगळे साठ-एकसष्टवर थांबलेले. म्हणजे त्याच्यात आणि दुसऱ्यात जवळपास चाळीस धावांची दरी. त्याला अडवायला इंग्लंडनं १९३२-३३ मध्ये अंगावर चेंडू टाकायची आखणी केली, त्यावरून दोन देशांचे संबंध बिघडले. एवढं करूनही त्या मालिकेत त्याची सरासरी ५६.५७. त्याचं अपयश हे इतरांच्या आयुष्यभराच्या कमाईएवढं! दुसऱ्या कुठल्या खेळात हे दाखवता?

निपाणीकर
काका, पण तो खेळला कुठं हे बघा की. ५२ पैकी ३७ कसोटी एकट्या इंग्लंडशी. सगळ्या कसोटी दोनच देशांत, इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया. आपल्याकडच्या आखाड्यावर, फिरकीपुढं, उन्हात एकही नाही. १९४७-४८ मध्ये आपल्याविरुद्ध त्याची सरासरी १७८.७५ होती हे खरं, पण तो भारतीय संघाचा पहिलाच ऑस्ट्रेलिया दौरा. त्यातही आपल्या सांगलीच्या विजय हजारेंनी अॅडलेडला दोन्ही डावांत शतकं ठोकली आणि २०१ वर ब्रॅडमनचा त्रिफळाही त्यांनीच उडवला. जगभर खेळला जाणारा खेळ आणि दोन-तीन देशांत खेळला जाणारा खेळ एका तराजूत घालू नका. माझं मत बोल्टला. पळायला काय लागत नाही, जगातलं प्रत्येक पोर पळतं. त्या सगळ्यांतून २००८, २०१२, २०१६ तिन्ही ऑलिंपिकला शंभर आणि दोनशे मीटर दोन्ही त्याचेच.

चिकोडीकर
ध्यानचंदांचं नाव कुणीच कसं घेतलं नाही? १९२८, ३२, ३६ तीन सुवर्णं. बर्लिनच्या अंतिम सामन्यात जर्मनीला त्यांच्याच घरात ८-१. आपल्या बेळगावच्या बंडू पाटलांनी १९६४ ला टोकियोत सुवर्ण आणलं, ती परंपरा कुणी घातली? आणि कुस्तीच बोलायची तर पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे आमच्या एकसंब्याचे. १९५९ ला दिल्लीत त्यांनी बंतासिंगला हरवलं. रशियापर्यंत जायची गरज नाही.

निपाणीकर
खंचनाळेंबद्दल आदर आहेच, पण विषय जगाचा चाललाय. ध्यानचंदांबाबत एक सांगतो. १९३२ ला हॉकीत संघ होते तीन. भारत, जपान, अमेरिका. अमेरिकेला २४-१ नं हरवलं, पण त्या संघाला हॉकी नवीन होती. बर्लिनचं मात्र मान्य.

खानापूरची लेक
इतके प्रतिसाद झाले, एकाही बाईचं नाव नाही. मी तीन सांगते.

हेदर मॅके, ऑस्ट्रेलियाची स्क्वॉशपटू. अख्ख्या कारकिर्दीत दोन सामने हरली, १९६० ला एक आणि १९६२ ला एक. त्यानंतर १९८१ ला निवृत्त होईपर्यंत एकही नाही. १९६२ ते १९७७ ब्रिटिश ओपन सलग १६ वेळा. करेलिनची १३ वर्षं सांगता ना, ही जवळजवळ वीस वर्षं आहेत. व्हीलचेअर टेनिसमधली एस्थर व्हर्गीर २००३ पासून २०१३ पर्यंत एकेरीत ४७० सामने हरली नाही. कुस्तीतच बघायची तर साओरी योशिदा, १३ जागतिक विजेतेपदं. करेलिनची नऊ.

आपल्या तुरमुरीच्या मलप्रभा जाधवनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत कुराश या कुस्तीप्रकारात कांस्य घेतलं, तेव्हा आनंद सगळ्यांना झाला. पण कट्ट्यावर ‘सर्वांत मोठा कोण’ सुरू झालं की बायका आपोआप गळतात. हे मला सलतं.

टिळकवाडीकर
ताई, मॅकेचं कर्तृत्व मोठंच. पण त्या काळी बायकांत स्क्वॉश किती खेळायच्या? निपाणीकरांनी ब्रॅडमनला लावलेला नियम तिलाही लागणार.

खानापूरची लेक
लावा की. पण मग तुमच्या दोन नंबरच्या अंतराचाही नियम लावा. ब्रॅडमन २९ शतकं करून सात वेळा शून्यावर बाद झाला, शेवटच्या डावातही. मॅकेचा असा दिवस १९६२ नंतर आलाच नाही. खेळ लहान होता म्हणता, पण लहान खेळातही माणूस आजारी पडतो, दमतो, वय होतं, नवीन पोरी येतात. वीस वर्षांत एकदाही हरू नये याला खेळाडूंची संख्या पुरेसं उत्तर नाही.

निपाणीकर
येळ्ळूरकर, तुम्ही गप्प का? करेलिनच्याच सगळ्यात जड गटात क्यूबाचा मिहाइन लोपेझ पाच ऑलिंपिक सुवर्णं घेऊन बसलाय. त्याचं काय?

येळ्ळूरकर
लोपेझ २०११ आणि २०१५ ला जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत तुर्कीच्या रिझा कायाल्पकडून हरला. ऑलिंपिकला तो उभा राहिला की प्रश्न नव्हता, पण मधल्या वर्षांत त्याला जोड होती. करेलिनला नव्हती. सिडनीत अमेरिकेच्या रूलॉन गार्डनरनं करेलिनला हरवलं ते १-० नं, तेही करेलिनची मिठी सुटली म्हणून मिळालेल्या एका गुणावर. त्याला उचलून टाकलं नाही कुणी.

योशिदाचं मात्र ताईंनी बरोबर धरलंय. तोच खेळ, तीच जागतिक स्पर्धा, तिची चार विजेतेपदं जास्त. फ्रीस्टाइल आणि ग्रीको-रोमन वेगळं, वजन वेगळं, हे मी म्हणू शकतो, पण त्यानं चार भरून निघत नाहीत. डावासाठी माझं मत करेलिनलाच राहील. कोण किती वर्षं वर राहिलं हे मोजायचं असेल, तर योशिदाला माझ्या यादीत त्याच्या वर घालतो. टिळकवाडीकर, मॅकेवर तुमचं उत्तर अजून यायचंय.