मदत हवी आहे: वस्तीचं जातिवाचक नाव कागदोपत्री कसं बदलायचं?

नमस्कार मंडळी. गाव कोरेगाव तालुक्यात, जि. सातारा. डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयानुसार वस्त्या-रस्त्यांची जातिवाचक नावं बदलायची आहेत. समता नगर, भीम नगर, क्रांती नगर असे पर्यायही त्यातच सुचवलेत. ग्रामसभेचा कोरम (१०० किंवा १५ टक्के मतदार, जे कमी असेल ते) जमेल.

खरी गोची ठरावानंतर होते. कमान रंगवतात, नारळ फुटतो, फोटो निघतो. पण घरांच्या आकारणीचा नमुना ८, मतदार यादी, वीजबिल यांत जुनंच नाव राहतं. तिथूनच ते रहिवासी दाखल्यावर उतरतं आणि पोरगं पुण्यात खोली बघायला गेलं की मालकाला पत्त्यावरून जात कळते.

ठराव गटविकास अधिकाऱ्यांकडे पाठवताना सोबत जुन्या-नव्या नावांचा तक्ता, घर क्रमांकांसह, जोडलेला चालतो का? मतदार यादीतलं भागाचं नाव तहसीलमधून एकदम बदलतं, की घरटी अर्ज करावा लागतो? महावितरणला नुसती ठरावाची प्रत पुरते का?

आणखी एक. नाव वस्तीतल्या लोकांनीच, बायांसकट, आधी बसून ठरवावं आणि बाकी आळ्यांनी सभेत फक्त अनुमोदन द्यावं, असं चाललंय. पण ब्राह्मण आळी, माळी गल्ली तशीच ठेवून एकच पाटी बदलण्यात काय अर्थ? निर्णय सगळ्यांनाच लागू आहे. सगळी नावं एकाच ठरावात घेतलेलं गाव सातारा-सांगलीत कुणाला माहीत आहे का? ठरावाचा मसुदा मिळाला तर फार बरं होईल.