को-बेनिफिट्सला मराठीत काय म्हणता?

रेघोट्या:
शहरांतल्या ऊर्जा प्रकल्पांवरचा एक अहवाल मराठीत करतेय. त्यातलं एक प्रकरण इंदूरच्या बायो-सीएनजी प्रकल्पावर आहे. क्षमता रोज ५५० टन ओला कचरा आणि त्यातून साधारण १७ हजार किलो गॅस. इथवर अडलं नाही. पुढे 'को-बेनिफिट्स', म्हणजे मुख्य उद्देशासोबत मिळणारे इतर फायदे, येतात: खत, कमी झालेला वास, सिटी बसचं इंधन, रोजगार. मी 'आनुषंगिक लाभांचे मूल्यमापन' लिहिलं. तपासणाऱ्यांनी ते खोडून 'सहलाभांचे मूल्यांकन' केलं. 'सहलाभ' वाचून मला सत्यनारायणाच्या आमंत्रणातलं 'सहकुटुंब सहपरिवार' आठवतं. दुसरं काही सुचतंय का?

काडेपेटी:
'आनुषंगिक'च ठेवा. आणि पहिला 'आ' सोडू नका, निम्मे जीआर तो खातात. अनुषंगाला 'इक' लागला की आदिवृद्धी होते, म्हणजे पहिल्या 'अ'चा 'आ' होतो.

तार_मास्तर:
'मूल्यांकन' ही हिंदीची उसनवारी. मराठीत मूल्यमापन. शाळेत तीस वर्षं तेच केलं. अंक दिले म्हणजे मोजमाप झालं असं नव्हे.

इंदुरी_पोहा:
मास्तर, नमस्कार. आमच्या चार पिढ्या होळकरांच्या गावात मराठी बोलतात आणि आम्ही मूल्यांकनच म्हणतो. आम्हाला कुठे बसवता?
बाकी रेघोट्याताई, प्रकल्प आमच्याकडचा म्हणून सांगते. देवगुराडियाला पूर्वी कचऱ्याचे डोंगर होते. आम्ही त्याला ट्रेंचिंग ग्राउंड म्हणायचो. बायपासने जाताना गाडीच्या काचा वर करायच्या, हा नियमच होता. २०२२ मध्ये प्रकल्प सुरू झाला, त्याआधीच ते डोंगर उपसून झाले होते. आता त्या बाजूच्या कुणालाही विचारा, 'वास गेला' हे पहिलं उत्तर येईल. गॅस किती निघतो ते कुणाला ठाऊक? मग आनुषंगिक नेमकं काय, वास की गॅस?

रेघोट्या:
हेच तर! 'आनुषंगिक' म्हटलं की मुख्य काय ते आधीच ठरून जातं. 'सह'मध्ये निदान कुणी वर, कुणी खाली नाही. (तपासणाऱ्यांना हे कळवू नका.)

मीटर_रीडिंग:
पण ताई, इंदुरीताईंच्या उत्तरात एक मेख आहे. डोंगर आधीच उपसले असतील, तर तो वास गेल्याचं पुण्य या प्रकल्पाच्या खात्यात कसं टाकायचं? शब्द कोणताही घ्या, हिशेब दोनदा लागता कामा नये. खत विकून आलेला पैसा उत्पन्नात धरला असेल तर 'लाभां'त तोच पुन्हा धरायचा नाही. बसचंही तसंच. आधी डिझेलवर धावत होती की सीएनजीवर? डिझेलवर असेल तर धूर कमी झाला. सीएनजीवरच असेल तर तो फायदा शहराला पूर्वीच मिळालाय, आता फक्त जमिनीतल्या गॅसच्या जागी कचऱ्याचा गॅस आला. 'प्रकल्प नसता तर काय झालं असतं' हा रकाना बहुतेक अहवालांत कोरा असतो.

इंदुरी_पोहा:
उपसलेल्या जागी रोजचा ओला कचरा पुन्हा साठला असता की! तोच तुमचा रकाना.

मीटर_रीडिंग:
मान्य. मग 'वास गेला' नाही, 'वास परत आला नाही' असं लिहा.

काडेपेटी:
मराठीत म्हण तयार आहे: उसाबरोबर एरंडाला पाणी.

तार_मास्तर:
त्या म्हणीत एरंडाची लायकी काढलेली असते. रोजगार मिळालेल्यांना एरंड म्हणणार?

उत्तरध्रुव:
कोपनहेगनहून. इथे अमायर बाके म्हणून कचरा जाळून वीज आणि उष्णता करणारी भट्टी आहे. २०१७ पासून चालू, आणि २०१९ मध्ये तिच्या छतावर स्कीइंगची घसरण उघडली. उष्णता गरम पाण्याच्या नळांतून घरोघरी जाते. तिला इथे 'फ्येर्नवार्म' म्हणतात, शब्दशः 'दूरची ऊब'. यातला 'वार्म' आणि आपला 'घाम' (संस्कृत घर्म) एकाच मुळाचे असावेत असं मला फार दिवसांपासून वाटतं.

काडेपेटी:
मग घरात गरम पाणी देणारा आपला बंब कुठून आला?

तार_मास्तर:
बंब अस्सल आहे. 'अंबु' म्हणजे पाणी, त्यावरून.

काडेपेटी:
मास्तर, तो पोर्तुगीज 'बोंबा', म्हणजे पंप. म्हणून आग विझवणाराही बंबच. पाव, चावी, पगार यांच्याच बोटीने आला.

मीटर_रीडिंग:
आणि 'सौरबंब' पाहा. संस्कृत सूर्याला पोर्तुगीज पंप जोडलाय आणि कुणाला खटकत नाही. सोसायटीच्या गच्चीवर सौरबंब असला की सकाळी सहा ते नऊ प्रत्येक घरातला दोन किलोवॅटचा गीझर एकाच वेळी ओढत नाही. वीज कंपनीचा नेमका तेव्हाचा भार उतरतो. वापरणाऱ्याच्या बिलात हे दिसत नाही, पण लाभ खरा.

तार_मास्तर:
बोंबा वगैरे मला पटत नाही. कोश पाहून सांगतो.

रेघोट्या:
मंडळी, शीर्षक? 'जोडलाभ' कसं वाटतं? जोडधंद्यासारखं.

इंदुरी_पोहा:
जोडलाभ छान. पण जोडधंदाही मुख्य धंद्यानंतरच येतो ना?

काडेपेटी:
सरळ 'इतर फायदे' लिहा. फायदा अरबीतून आलाय आणि गावोगाव कळतो.

तार_मास्तर:
फायदा व्यापारात होतो. समाजाला होतो तो लाभ.

मीटर_रीडिंग:
मास्तर, मग 'औषधाने फायदा झाला' म्हणतो ते काय, डॉक्टरच्या गल्ल्याबद्दल?

उत्तरध्रुव:
घर्मबद्दल कुणी काहीच बोललं नाही.

तार_मास्तर:
मोल्सवर्थ काढलाय. चश्मा सापडत नाही.