ओव्हरडोसनंतर सक्तीने ॲडमिट केलं तर खर्च कोणाचा?

विडीघरकुलकर: मंडळी, मावसभावाचा पोरगा यंत्रमागावर कामाला आहे, ट्रॅमाडॉलच्या (अफूच्या जातीचं वेदनाशामक, त्याची सवय लागते) गोळ्या जास्त झाल्या, कसाबसा वाचला. घरचे म्हणतायत त्याची इच्छा नसली तरी महिनाभर आत ठेवा. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये सेक्शन ३५ खाली कोर्ट ९० दिवसांपर्यंत ठेवू शकतं म्हणे, आपल्याकडे काय आणि पैसे सरकार देतं का?

सातरस्ता_वकील: २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा बघा, त्यात व्यसनाचे आजारही येतात. कलम ८९ खाली ३० दिवसांपर्यंत ठेवता येतं, पण जिवाला धोका वगैरे अटी आहेत आणि दोन जणांनी वेगवेगळं तपासावं लागतं, त्यातला एक सायकियाट्रिस्ट. दारिद्र्यरेषेखालच्याला सरकारी दवाखान्यात फुकट, कार्ड नसलं तरी! हे आधी ठामपणे सांगा, लोक उगाच कर्ज काढतात.

सिस्टर_सोलापूर: मला खर्चापेक्षा नंतरची काळजी वाटते हो. महिनाभर गोळी बंद राहिली की शरीराची सवय मोडते, मग बाहेर येऊन पोरगं जुनाच डोस घेतं आणि श्वास थांबतो. म्हणजे बेड, स्टाफ, औषधं सगळा सरकारी पैसा गेला आणि माणूसही गेला. ब्युप्रेनॉर्फिन (अशा व्यसनावरचं औषध) ओपीडीतून चालू राहिलं तर बेड अडत नाही, खर्चही कमी, आणि तो कामावर जाऊ शकतो. डिस्चार्जच्या आधीच फॉलोअपची तारीख घ्या.

विडीघरकुलकर: थँक्यू ताई, हे कोणीच सांगितलं नव्हतं. आधी त्याच्याशीच बोलतो.

सातरस्ता_वकील: १४४४६ ला फोन लावा, व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट.