पुण्याच्या पेठांत फिरताना 'जायचं' कुठे? – अनुभव धागा

सोनचाफा

बहिणीची मुलगी आलीये इंदूरहून. तिला काल तुळशीबाग दाखवायला नेलं. कानातली झाली, क्लिपा झाल्या, रसवंतीत दोन ग्लास रस झाला आणि मंडईच्या तोंडाशी ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, मावशी जायचंय. झालं. मला एकदम माझी आई आठवली. दिवाळीआधीची खरेदी, मी तिसरी-चौथीत असेन, आई पातेली वाजवून बघतीये आणि मी पाय आवळून उभी. आईने पातेलं खाली ठेवलं, माझा हात धरला आणि सरळ एका वाड्यात शिरली. कोणाचा वाडा देव जाणे. चौकात एक आजी तांदूळ निवडत होत्या. आई म्हणाली, "मुलीला जरा..." आजींनी मान वरही केली नाही, नुसतं बोट दाखवलं, "मागे. उजवीकडचा. बादली भरून ने." पत्र्याचं दार, कडी तुटलेली, आत डालड्याचा डबा आणि आई बाहेरून दार ओढून धरून उभी. येताना आजींनी मला हातावर साखर ठेवली होती, का ते आजपर्यंत कळलं नाही.

आता ते वाडे नाहीत, बिल्डिंगी आहेत आणि गेटवर वॉचमन आहे. तर तुमचे अनुभव लिहा. शनिवार, नारायण, बुधवार, रविवार, कुठल्याही पेठेतले चालतील. पुरुषांनीही लिहा, पण "आम्हाला काय, कुठेही" एवढंच लिहिणार असाल तर नको.

डेक्कनकर

आम्हाला काय, कुठेही. 😀 (पळतो)

चिंचपाणी

@डेक्कनकर पळा पळा.

माझी युक्ती सांगते, मोठं साडीचं दुकान. वरच्या मजल्यावर असतंच असतं, फक्त थेट विचारायचं नाही, आधी गादीवर बसायचं, बजेट सांगायचं, चार-पाच साड्या बघायच्या आणि मग सहज आवाजात "वॉशरूम आहे का हो?" एकदा काय झालं, तो दाखवणारा माणूस इतका भला निघाला की मी आत जाऊन येईपर्यंत त्याने अख्खा ढीग पसरून ठेवला होता आणि वर चहा मागवला होता. आता नाही कसं म्हणणार? मोरपंखी घेतली, बारीक काठाची. घरी सगळे तिला 'टॉयलेटची साडी' म्हणतात. लग्नामुंजीत नेसले की नवरा सगळ्यांना ही गोष्ट सांगतो, मेला.

आबा_नारायणपेठ

डेक्कनकर, तुमचं वय कळतंय. माझ्या वयाला आलात की बोलू. बीपीची पाण्याची गोळी सकाळी घेतली की दुपारपर्यंत बाहेर पडायची सोय नाही. त्यात प्रोस्टेट. पूर्वी मी पुस्तकांच्या दुकानांतून रमतगमत बेलबागेपर्यंत जायचो, आता नकाशा आखून जातो. कुठे आहे, किती वाजता उघडतं, पाणी असतं का, आणि पायऱ्या किती. पायऱ्या हा मोठा विषय आहे. दोन उंच पायऱ्या चढून जायचं, त्या ओल्या, धरायला काही नाही. सौ. म्हणते घरी बसा. घरी बसायला रिटायर झालो का.

झेडब्रिज

अप्पा बळवंत चौकात मॅपवर टॉयलेट शोधलं. पिन दाखवते तिथे गेलो तर झेरॉक्सचं दुकान. काउंटरवरच्या काकांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि मी काही बोलायच्या आत मागच्या पाटीकडे बोट केलं. पाटी: "येथे फक्त झेरॉक्स होते."

सोनचाफा

😂😂 मेले मी

चिंचपाणी

खास पेठेतली पाटी. मी पण एक वाचलीये, कुलूप लावलेल्या दारावर, "चावी समोरच्या पानवाल्याकडे मिळेल". आणि पानवाल्याच्या शटरवर "दु. १ ते ४ बंद".

काउंटरवरची

मी लक्ष्मी रोडला दुकानात कामाला आहे, नाव सांगत नाही. तुम्ही गिऱ्हाईक म्हणून एक दिवस येता, आम्ही रोज साडेदहा ते रात्री नऊ. आमच्या दुकानात नाहीचे. शेजारच्या कॉम्प्लेक्सला तिसऱ्या मजल्यावर एक आहे तिथे जायचं, चावी आमच्याकडे एकच, सगळ्या मुलींत मिळून. हरवू नये म्हणून तिला लाटण्याचा तुकडा बांधलाय. म्हणजे तो तुकडा हातात घेऊन रस्त्याने निघालं की सगळ्या गल्लीला कळतं कुठे चाललीये. सुरुवातीला मी ओढणीत लपवायचे. आता नाही लपवत. पाळीच्या दिवसांत मात्र फार हाल होतात, आत डस्टबिन नाही, कागदात गुंडाळून पर्समध्ये ठेवून घरी न्यायचं. सीझनला, म्हणजे दिवाळी लग्नसराई, शेठ म्हणतात गर्दी आहे आत्ता नको. मग मी पाणीच पीत नाही. सकाळचा चहा घेते तेवढाच.

दुसरं गिऱ्हाईक आलं, जाते.

डॉ_मुक्ता

@काउंटरवरची, पाणी बंद करू नकोस ग. मी गायनॅक आहे. बायकांची मूत्रनलिका जेमतेम चार सेंटीमीटर, पुरुषांची वीसच्या आसपास, त्यामुळे जंतूंना वर पोचायला आपल्यात वेळच लागत नाही. भरपूर पाणी पिऊन वेळच्या वेळी जाऊन आलं की ते धुऊन निघतात. पाणी तोडलं आणि वर तासन्‌तास धरून ठेवलं की त्यांचं फावतं. माझ्याकडे सारखं युरीन इन्फेक्शन घेऊन येणाऱ्यांत दुकानातल्या मुली, शाळेतल्या बाई आणि ट्रॅफिक पोलिसातल्या बायका, याच जास्त. अँटिबायोटिक लिहून देते आणि मनात म्हणते, हिला खरं तर तिसऱ्या मजल्याची दुसरी चावी लिहून द्यायला पाहिजे. जळजळ, थंडी वाजून ताप, पाठीत एका बाजूला दुखणं असं काही असलं तर अंगावर काढू नकोस, लगेच दाखव.

पेठफिरस्ता

मी रविवारी सकाळी वॉक नेतो, कसबा गणपती, लाल महाल, शनिवारवाडा, विश्रामबागवाडा असा. पहिल्याच थांब्यावर मी इतिहास सांगत नाही, सांगतो की आत्ता नाही तर मग शनिवारवाड्यातच, आणि तिथे आत जायला तिकीट आहे. लोक हसतात. मग शनिवारवाड्यात हजारी कारंज्यापाशी उभे राहिलो की मी रंगात येऊन सांगत असतो, सोळा पाकळ्यांचं कमळ, पाणी कसं उडायचं वगैरे, आणि समोर दोनतीन चेहरे असे असतात की मी पाण्याबद्दल बोलणं थांबवावं. आता कारंजं शेवटी ठेवतो, आधी त्यांना मोकळं करतो. वाड्याची वास्तुशांत १७३२ सालची, आणखी पाच मिनिटं थांबायला तिला काही नाही.

विश्रामबागवाड्यापर्यंत आलं की पुढे केळकर म्युझियम हा चांगला पर्याय. तिकीट काढा, अडकित्ते आणि दिवे बघा, दोन्ही कामं होतात. मी तर म्हणतो अडकित्त्यांसाठीच जा.

ॲड_कुलकर्णी

हॉटेलांत फुकट टॉयलेट वापरू देणं कायद्याने बंधनकारक आहे असा एक फॉरवर्ड फिरतो. सराई ॲक्ट १८६७ म्हणून. कोणी टाकायच्या आधीच सांगतो, तो कायदा मी वाचलाय. सराईवाल्याने खोल्या, व्हरांडे, गटारं, पाण्याची जागा स्वच्छ ठेवायची, दरपत्रक लावायचं, राखणदार ठेवायचा, साथीचा रोगी आला तर मॅजिस्ट्रेटला कळवायचं, असं सगळं आहे. रस्त्यावरून आलेल्या कोणालाही टॉयलेट वापरू द्या असं त्यात कुठेही नाही. २०१७ मध्ये दक्षिण दिल्लीच्या महापालिकेने मात्र रेस्टॉरंटांना सांगितलं होतं की लोकांना वापरू द्या, हवं तर पाच रुपयांपर्यंत घ्या. तो वेगळा आदेश. फॉरवर्ड दाखवून मॅनेजरशी भांडू नका, गोड बोला, बहुतेक जण देतात.

डेक्कनकर

काका तुम्ही फॉरवर्ड यायच्या आधीच निकाल दिलात. मी कॉपी करून ठेवला होता. 😀

ढोलवाली

विसर्जनाला या म्हणजे कळेल. मी पथकात आहे. दुपारी लक्ष्मी रोडला लागलो की अलका चौक येईपर्यंत तासांचा हिशोब नाही, मिरवणूकच चोवीस तासांच्या वर चालते. दोन्ही बाजूला माणसंच माणसं, गल्लीत घुसायला जागा नाही. फिरती टॉयलेट लावतात पण तिथली रांग बघून जायची इच्छा मरते. आमच्या पथकाने आता मार्गावरची चारपाच घरं ठरवून ठेवलीयेत, कोणाची आत्या कोणाची मैत्रीण. जायचं म्हणजे काय, आधी कमरेची दोरी सोडायची, ढोल दुसरीच्या ताब्यात द्यायचा, मग गर्दीतून नऊवारी सांभाळत तीन मजले. एका आत्यांनी तर दारात चपलांसाठी पोतं टाकलं होतं आणि प्रत्येकीच्या हातावर खोबऱ्याची वडी. आम्ही पंधरावीस जणी. शेवटी त्या म्हणाल्या, दार उघडंच ठेवते, वाजवू नका, वाजवणं खाली चालू दे.

सोनचाफा

@ढोलवाली तुझ्या आत्यांना नमस्कार सांग माझा.

मध्यंतर

नाटकवाल्या बायका आहेत का इथे? बालगंधर्वला मध्यंतर झालं की पुरुष जाऊन वडा खाऊन परत खुर्चीत, आणि आपण अजून रांगेतच. दुसऱ्या अंकाची सुरुवात मी आयुष्यात फार कमी नाटकांची बघितलीये. विषय पेठांचा आहे माहितीये, पण लिहावंसं वाटलं.

आबा_नारायणपेठ

पहिल्या पोस्टमधल्या वाड्यावरून आठवलं. आमच्या वाड्यात १४ बिऱ्हाडं आणि मागे चार संडास. सकाळी टमरेल घेऊन रांग, त्या रांगेत पेपर वाचून व्हायचा, लग्नं जुळायची. फ्लश वगैरे नंतर आलं, त्याआधी टोपलीचे होते. मागे एक अरुंद बोळ होता, साफसफाईवाल्या बाई तिकडून यायच्या. मजेचे दिवस होते.

रमा_कां

आबा, राग नाही, पण लिहिते. माझी आजी तसल्याच बोळांतून यायची. डोक्यावर मैल्याची पाटी. पावसाळ्यात पाटी गळायची, मानेवरून अंगावर. तुम्हाला त्या वाड्यांचे पुढचे दरवाजे, चौक, आजी, तांदूळ आठवतात. तिने यातल्या एकाही वाड्याचा पुढचा दरवाजा आतून पाहिला नव्हता. पाणी प्यायला मागितलं तर वरून ओतायचे. कायद्याने हे काम बंद झालं १९९३ ला, मग परत २०१३ ला नवा कायदा करावा लागला. मी आज बँकेत आहे. तुळशीबागेत कधी वेळ आलीच तर मी हॉटेलात जाते, कोणाच्या घरात जायला विचारत नाही. जमतच नाही.

आबा_नारायणपेठ

रमाताई, बाईंचं नाव मला ठाऊक नव्हतं, आजही नाही. तुमची पोस्ट सौ.ला वाचून दाखवली. ती म्हणाली 'मजेचे दिवस' काढून टाक. आता एडिट होत नाहीये. राहू दे तिथेच, लोकांना दिसू दे.

रमा_कां

राहू द्या.

गुडघेदुखी

सासूबाईंना घेऊन दगडूशेठला जायचं असतं, त्यांचा प्रश्न एकच, कमोड आहे का. दर्शनाला नंतर, आधी कमोड. सापडलं तरी आत पिशवी ठेवायला खुंटी नसते. पर्स दातात धरून बसायचं. आर्किटेक्ट लोकांनो, एक खुंटी, एवढंच मागणं आहे.

पेठफिरस्ता

खुंटीला +१०००

चिंचपाणी

कोणाला ती 'ती' बस आठवते का? २०१६ च्या सुमाराला आली होती, जुन्या पीएमटीच्या बसचं फक्त बायकांसाठी टॉयलेट केलेलं. संभाजी बागेपाशी जायचे मी. पाच रुपये. आत बेसिन, बाळाचं लंगोट बदलायला जागा. बसमध्ये चढून बसायला जागा मिळाली असं पुण्यात तेव्हाच झालं माझ्या बाबतीत.

मध्यंतर

सोनचाफा, अगं पण काल शेवटी कुठे नेलंस भाचीला? सगळे अनुभव वाचतेय आणि ती बिचारी अजून मंडईच्या तोंडाशीच उभी आहे.

सोनचाफा

हो ग राहिलंच. मंडई मेट्रो स्टेशन! सरकत्या जिन्याने खाली, सिक्युरिटीच्या मुलीला विचारलं, तिने न बोलता हात केला. कडी लागत होती, नळाला पाणी होतं, खुंटीसुद्धा होती. @गुडघेदुखी, लिफ्टही आहे. वर आलो तर भाची म्हणते, मावशी आता पुन्हा रस पिऊ.

काउंटरवरची

आता बसमध्ये आहे. डॉक्टर, दोन दिवसांपासून जळजळ आहे. सुट्टी सोमवारी असते, तोपर्यंत थांबू का?

डॉ_मुक्ता

नको थांबू. उद्या सकाळी कामावर जायच्या आधी जवळच्या दवाखान्यात जा, लघवी तपासायला सांगतील, तेवढी करून घे. आणि आत्ता बसमधून उतरलीस की आधी तांब्याभर पाणी. मेसेज केलाय, बघ.

काउंटरवरची

बघितला. जाते उद्या. चावीचं पण शेठशी बोलणार आहे, आम्ही सगळ्या मिळून.

झेडब्रिज

दुसऱ्या चावीला लाटण्याचा नको, बेलण्याचा... अरे तेच की. पोळपाटाचा बांधा.

चिंचपाणी

पोळपाट घेऊन रस्त्याने जाणारी बाई, लोक वाट सोडतील उलट.

डेक्कनकर

ते सगळं असो, मोरपंखी साडीचा फोटो टाका हो कोणीतरी.

चिंचपाणी

टाकला असता, पण नणंद नेसायला घेऊन गेलीये. आज लक्ष्मी रोडलाच गेलीये ती, ब्लाऊजपीस मॅच करायला.